मातीचा रिपोर्ट

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी बडनेरा स्टेशनवर बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या प्रवाशाला मात्र खिडकीतून सांगत होते, "पोरगी किटाणूचं शिकाले चालली." तो म्हणाला, "म्हणजे डॉक्टर?" बाबा म्हणाले, "त्याच्या वरचं काई." गाडी हलली तेव्हाही ते त्यालाच काहीतरी समजावत होते.

मी इथे जर्मनीत एका विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिशियन आहे. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा डीएनए कॉम्प्युटरवर वाचायचा आणि कोण कोण आहे ते ओळखायचं, हे माझं काम. बाबांनी त्यातून एवढंच घेतलं होतं, की आपल्या पोरीला न दिसणारं दिसतं.

दुसऱ्या वर्षी वरूडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत वरच्या ओळींतली झाडं पिवळी पडली, खोडांतून डिंक गळू लागला. आजूबाजूच्या बागा तुटून त्यांचं सरपण होत होतं. रविवारी बाबांचा फोन आला. "कृषी सहायक म्हणते, पाटाचं पाणी बंद करा, झाडाझाडाले येगळं आळं करा. उन्हाळा तोंडावर आहे. त्याचं आयकू का? तू सांगशील तेच करतो."

अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीला, शुभांगीला, मी माती तपासून घ्यायची गळ घातली. बाबांनी मुळांजवळची माती स्वतः खोदली, पिशवीपिशवीवर ओळ लिहिली. शुभांगीने ती प्रयोगशाळेत दिली आणि डेटा माझ्याकडे आला. पहिल्याच रनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पहिल्याच तपासणीत, मुळं कुजवणारा रोगजंतू दिसला. वरच्या ओळींत भरपूर, खालच्या ओळींत नावापुरता. पाण्याबरोबर तो खाली उतरत होता. कृषी सहायक बरोबर होता.

पण सॅम्पल थोडे होते. निम्म्याअधिक डीएनएची ओळखच पटत नव्हती. आणि इथे मी एकच गोष्ट नीट शिकले होते, खात्रीशिवाय बोलायचं नाही. मी रन पुन्हा लावला. मग वेगळ्या पद्धतीने पुन्हा. दर रविवारी बाबा विचारायचे, "आला का वं रिपोर्ट?" मी म्हणायचे, "थोडं थांबा, बाबा."

असे सहा रविवार गेले. सातव्याला मी सगळं मुद्देसूद सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "खालच्या ओळीईतबी डिंक सुटला आता."

"मंग पाणी कावून नाही बंद केलं?"

"तू थांबा म्हणली. मी थांबलो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निदान भांडले असते.

पुढच्या दिवाळीत गेले, तेव्हा बागेच्या जागी तूर उभी होती. बाबा सकाळी डबा घेऊन एका पॅकिंगच्या शेडमध्ये जात होते, दुसऱ्यांची संत्री निवडायला. जाताना मला म्हणाले, "झोप तू. थकली असशील."

आता फोनवर जेवली का, बर्फ पडून राहिला का, एवढंच विचारतात. तुरीवर अळी आली होती, हे मला महिन्याभराने आईकडून कळलं. फवारणीचं त्यांनी कृषी सहायकालाच विचारलं होतं.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. माझ्यासारखे निघून आलेले घराच्या आठवणीने रडतात, त्यांचा मला हेवा वाटतो. घर म्हणजे आता माझ्यासाठी अशी जागा, जिथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आणि हे माझं मीच करून ठेवलंय.