बबनदादांनंतरच्या विजयाताई

विजयाताई म्हसकर यांना मी प्रथम पाहिले ते रोह्याच्या आमच्या नाट्यमंडळाच्या बैठकीत. मी तेव्हा इथल्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो. गाव वडखळजवळचे, घरची माणसे मिठागरात राबणारी. आमच्याच गावचे बबनदादा मंडळात रंगमंचाचे सुतारकाम करीत. मला नाटकाची हौस आहे हे कळल्यावर त्यांनीच मला मंडळात नेले. अडचण शिफ्टची होती. तालमी संध्याकाळी, आणि माझी एका आठवड्याआड दुसरी शिफ्ट. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सभासद मला समजावू लागले, की ज्याला वेळ देता येत नाही त्याने प्रेक्षकांत बसावे. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका बाई काही टिपून घेत होत्या. त्यांनी मान वर करून विचारले, "तुमच्यासारखे कंपनीतले आणखी कितीजण यायला तयार आहेत?" मी चार नावे सांगितली. पुढच्या बैठकीत तालमीच्या वेळा शिफ्टप्रमाणे बदलण्याचा ठराव आला आणि तो ताईंनीच मांडला होता. आज मी त्या मंडळाचा सचिव आहे, याचे मूळ त्या ठरावात आहे.

ताई चित्रकार. माहेर पेणचे, सासर रोह्याचे. शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. खाडीकाठची त्यांची जलरंगातली चित्रे अनेकांच्या घरी आहेत, आणि आमच्या नाटकांचे रंगवलेले पडदे तर दोन पिढ्यांनी पाहिले आहेत. पण या लेखात मला त्यांच्या चित्रांविषयी लिहायचे नाही. ते काम जाणकारांनी केले आहे. मला लिहायचे आहे ते त्यांनी संस्थांमध्ये घालवलेल्या वर्षांविषयी. रोह्याचे नाट्यमंडळ आणि पेणचे कलामंडळ, या दोन्ही ठिकाणी त्यांनी सभासदापासून अध्यक्षपदापर्यंत सगळे केले. रविवारी एसटीने पेणला जायचे, बैठक करायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

पेणला त्यांची एक जुनी तक्रार होती. कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात जवळच्या हमरापूरच्या, गणपती घडवणाऱ्या मूर्तिकारांना जागा नसे. ते कारागीर, कलावंत नव्हेत, असे म्हटले जाई. ताई दरवर्षी तोच ठराव मांडीत आणि दरवर्षी तो पडे. एकदा एका सभासदांनी वैतागून विचारले, की तुम्हाला कंटाळा येत नाही का? ताई म्हणाल्या, "येतो. म्हणून तर म्हणते, या वर्षी मंजूर करून टाका." लोक हसले आणि ठराव मंजूर झाला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या बायकांची नावे त्या वर्षी प्रथमच प्रदर्शनाच्या पाटीवर लागली.

हे सगळे सरळ आनंदाने लिहिता आले असते. पण पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांसोबत मी ताईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. मग म्हणाल्या, "बबनचं लिहिणार असाल तर माझ्यावर लिहा. नाही तर नको." गौरवग्रंथात ते शोभेल का, असे संपादकांनी चाचरत विचारले. ताईंनी अट सोडली नाही, आणि बबनदादा माझ्या गावचे. म्हणून ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

ताई रोह्याच्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या सभागृहात रंगमंचावर पडदे टांगायची लोखंडी चौकट जुनी झाली होती. खाऱ्या हवेने ती गंजली होती. दुरुस्तीचा विषय कार्यकारिणीपुढे आला, तेव्हा नाट्यमहोत्सव तोंडावर होता. दुरुस्ती महोत्सवानंतर करावी असे सर्वानुमते ठरले. त्या सर्वांत ताईही होत्या. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी सकाळी ताईंनी रंगवलेला मागचा पडदा टांगला. थोड्या वेळाने बबनदादा तो नीट करायला वर चढले, चौकटीचा एक भाग तुटला आणि ते खाली पडले. मी बाहेर व्हरांड्यात खुर्च्या लावत होतो. आवाज ऐकून धावलो. आम्ही त्यांना गाडीत घातले तेव्हा ते शुद्धीवर होते. माझा हात धरून पाणी मागत होते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात ते वारले.

महोत्सव रद्द झाला. नंतरची बैठक मी विसरू शकत नाही. पोलिसांना काय सांगायचे, यावर बोलणे चालले होते. एक जण म्हणाला की दादा आपणहून चढले, त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्याने दुजोरा दिला. हळूहळू सगळ्यांच्या बोलण्याला तेच वळण लागले. मलाही तेव्हा खरे काय ते ठाऊक नव्हते. ताई अध्यक्षांच्या खुर्चीत होत्या. मग त्या बोलू लागल्या.

"मी सांगितलं. पडदा एका बाजूने खाली आला होता. मी म्हटलं, बबन, जरा वर घे. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, 'बाई, आज रावदे का?' मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे."

 मग कोषाध्यक्षांनी अगदी हळू आवाजात सुचवले, की त्या वेळी तिथे दुसरे कोणी नव्हते. हे इथेच राहू शकते. ताई म्हणाल्या, "बबन होता ना." त्या उठल्या आणि थेट पोलीस ठाण्यात गेल्या. हेच सगळे त्यांनी तिथे सांगितले.

त्यानंतरची वर्षे वाईट गेली. प्रकरण कोर्टात गेले. निम्मे सभासद मंडळ सोडून गेले. ताईंनी विनाकारण संस्थेचे नाव घालवले, असे ते उघड म्हणत. ज्या घरांत त्यांची चित्रे लागली होती, त्यांतल्या काहींनी ती उतरवली. तारखेला त्या एकट्या कोर्टात जाऊन बसत. एकदा मी शिफ्ट बुडवून सोबत गेलो, तर मला बाहेरूनच परत पाठवले. "तुम्ही कामावर जा. माझ्यामुळे आणखी एका घराचं नुकसान नको." शेवटी तो अपघात ठरला आणि ताई सुटल्या. मी पेढे नेले नव्हते, पण बरे वाटले असे म्हणालो. त्या म्हणाल्या की त्यांना तसे काही वाटत नाही.

दादांच्या पत्नी हिराबाई यांच्याकडे ताई पहिल्या दिवसापासून जात. मी बरोबर असे. संस्थेने मदत केली, तिचा तपशील इथे नको. हिराबाई आम्हाला बसायला देत, चहा देत, बोलत नसत. वर्षश्राद्धानंतर गेलो, त्या वेळी त्या प्रथमच बोलल्या. "बाई, तुमी आलाव का तो दिस परत घरात येतो. आता येव नका." ताईंनी मान हलवली. खाडीच्या बांधावरून हमरस्त्याकडे चालत येताना त्या मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे." त्या पुन्हा कधी तिथे गेल्या नाहीत. क्षमा मागण्याचा हक्कही आपल्याला नाही हे मान्य करणे किती जड असते, ते मी त्या दिवशी पाहिले.

अध्यक्षपद त्यांनी केव्हाच सोडले होते. पण सभासदत्व सोडले नाही. सोडले असते तर सुटल्यासारखे झाले असते, असे मला वाटते. अपघातापासून सभागृह बंद होते, बैठकांना चार-पाच माणसे येत, त्यांत ताई असत. त्यांनी एकच विषय लावून धरला. रंगमंचावर काम करणारा माणूस नको म्हणाला, तर प्रयोग होणार नाही. कारण सांगता आले नाही तरी होणार नाही. आणि त्याच्यावर अध्यक्षांचेही चालणार नाही. रोह्यात हा नियम झाला. पेणच्या कलामंडळाच्या रंगमंचावरील कार्यक्रमांसाठीही त्यांनी तो करवून घेतला, आणि दोन्हीकडे रंगमंच कामगारांना कार्यकारिणीत जागा मिळवून दिली.

गेल्या वर्षी नव्या चौकटीसह आमचे सभागृह पुन्हा उघडले. प्रेक्षागृह भरले होते, प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. दुसरी घंटा झाल्यावर आमचे रंगमंच व्यवस्थापक संतोष माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. वरून कसला तरी आवाज आला, म्हणाले. "नक्की सांगता येत नाय, पन मन घेत नाय."  अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांचे भाषण तरी होऊ दे. ताई प्रेक्षकांतून उठून आत आल्या होत्या. त्यांनी संतोषना एकदाच विचारले, "नको म्हणता ना?" ते हो म्हणाले. ताई पडद्यापुढे गेल्या आणि आज प्रयोग होणार नाही, तिकिटांचे पैसे परत मिळतील, एवढे सांगून त्यांनी लोकांना घरी जायला सांगितले. लोक चिडले. पाहुणे भाषण न करताच निघून गेले.

सकाळी तपासणी झाली. सगळे ठीक होते. एकही बोल्ट ढिला नव्हता. गावात दिवसभर आमची चेष्टा झाली. संतोष राजीनामा लिहूनच आले होते. ताईंनी तो हातात घेतला नाही.

"काही निघालं नाही, हे चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी पुन्हा शंका आली, तर पुन्हा असंच सांगायचं. मी पुन्हा बाहेर जाऊन लोकांना सांगेन."

विजयाताईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे दुखतात, एसटीची पायरी आता उंच वाटते, तरी त्या प्रत्येक बैठकीला वेळेआधी हजर असतात. त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. हे मागणे त्यांच्यासाठी आहे, तसेच आमच्यासाठीही आहे. भरल्या सभागृहापुढे उभे राहून नाही म्हणायला आम्ही अजून शिकतो आहोत, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत त्या आमच्यात असाव्यात.