लक्षवातीचा दशांश

नात चार वर्षांची झाली, तेव्हा तिच्या शिक्षणासाठी घरात उपलब्ध असलेले साहित्य म्हणजे चिंचोके, ताटभर तांदूळ, कोपरा उडालेली एक पाटी आणि मी. यांपैकी काहीही विकत आणावे लागले नव्हते, हीच आम्हा सर्वांची मुख्य अर्हता होती.

राळेगावात नर्सरी होती. शुल्क, गणवेश आणि व्हॅनचे भाडे ऐकून माझा मुलगा परत आला. तो बियाण्यांच्या दुकानात नोकरीला आहे आणि सून घरी शिलाई करते. अंगणवाडीत नात जात असे, परंतु सुनेच्या मते तिथे तिचा खिचडीचाच अभ्यास पक्का होत होता. तेव्हा मी म्हणालो की हे वर्ष तिला माझ्या स्वाधीन करावे. मी हायस्कुलात संस्कृत शिकवीत निवृत्त झालो. विषय ऐच्छिक होता आणि विद्यार्थ्यांनी तशी इच्छा फारशी दाखवली नाही. आता घरातच एक विद्यार्थिनी चालून आली होती, जिला विषय निवडण्याचा अधिकार नव्हता. ती माझ्याकडून जाऊ नये असे मला मनापासून वाटत होते, आणि सुनेला ते माहीत होते.

"दिवाळीपर्यंत पाहते, बाबा," ती म्हणाली. "नाही जमलं तर मी दुप्पट ब्लाउज शिवीन, पण पोरीला नर्सरीत टाकीन."

अक्षरे तांदळाच्या ताटात बोटाने गिरवून होऊ लागली. अंकांची सोय तर परमेश्वरानेच करून ठेवली होती. ही नात दिवस भरण्याआधीच जन्मली आणि यवतमाळच्या दवाखान्यात बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा माझ्या पत्नीने लक्षवात बोलली होती: पोर जगली तर एक लाख फुलवाती घरच्या हातांनी वळून त्रिपुरी पौर्णिमेला महादेवापुढे जाळीन. पोर जगली. वाती वळणे सुरू झाले, आणि मध्यंतरी पत्नीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वळणे हातांच्या सवयीने होई, मोजणे होईना. एकीला मोजून हवे होते आणि दुसरीला मोजायला शिकायचे होते. असा योग पाठ्यपुस्तकातही जुळत नाही.

पद्धत साधी होती. नातीने दहा वाती मोजायच्या, ढीग डब्यात टाकायचा आणि ढिगामागे एक चिंचोका मडक्यात. पत्नीचा सगळा नवस त्या मडक्यावर विसंबून होता. नातीला वाती हाती नसतानाही अंक ओळखता येऊ लागले आणि मला पुष्कळ समाधान वाटले.

केवळ गणिताने माणूस घडत नाही, म्हणून मी सोबत थोडा धर्मही शिकवला. आमच्या शेजारी पिंजारी चाचा राहतात. त्यांच्या यंत्रावर रुई पिंजली जाते आणि वातींसाठी लागणारी रुई ते आम्हाला देतात. पैशाचे नाव काढले की हात जोडतात. तो दाखला देऊन मी नातीला समजावले की मनुष्याने आपल्याजवळचा दहावा भाग दुसऱ्याला द्यावा, आणि एकदा दिलेले परत घेऊ नये. तिने मान डोलावली. लहान मुलांच्या मान डोलावण्याला शिक्षकाने जितके घाबरले पाहिजे तितका मी घाबरलो नाही.

दिवाळीत, भाऊबीज आटोपल्यावर, सुनेने परीक्षा ठेवली. नर्सरीतून आणलेला छापील कागद तिच्या हाती होता. मी म्हटले, आधी अंक पाहा, आणि वातींची परडी मधोमध ठेवली. पत्नी भिंतीला टेकून ऐकत होती.

नातीने एक ते दहा बिनचूक मोजले. मग दहावी वात उचलून फ्रॉकच्या खिशात घातली, उरलेल्या डब्यात टाकल्या आणि चिंचोका मडक्यात सोडला. दुसऱ्या ढिगालाही तसेच केले.

"डब्यात नऊच गेल्या," सून म्हणाली.

माझ्यापुढे मोठा पेच उभा राहिला. पोर चुकली म्हणावे तर नर्सरी, आणि चुकली नाही म्हणावे तर नवस. पत्नीचा चेहरा पाहून मी नवसाची बाजू घेतली.

"लहान आहे, आजच चुकली असेल," मी म्हणालो.

"मी नाही चुकली," नात म्हणाली. "दहावी चाचांची असते. मी रोज देऊन येते."

पत्नीने विचारले, केव्हापासून. नातीला काळ सांगता येत नव्हता, तो विषय आम्ही घेतला नव्हता. तिने धावत जाऊन शेजारच्या चाचांनाच आणले. ते दारात उभे राहिले, हातात फुगलेली कापडी पिशवी.

"गुरुजी, मले वाटलं तुमच्या घरचा काही नेम असन," ते म्हणाले. "देवाचा कापूस म्हणून पिंजला नाही, वेगळा ठेवला. पण इतक्या वातीचं मी करू काय? माह्या घरी लाइट आहे."

पिशवीत वळलेल्या फुलवाती होत्या, महिन्यांमहिन्यांच्या. त्यांनी पिशवी पुढे केली. पत्नीने दोन्ही हात पसरले, आणि नातीने तिचा पदर धरला.

"दिलेलं परत घेत नसतात. आबा म्हणतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यभर जे शिकवले ते इतक्या तत्परतेने कोणी आचरणात आणले नव्हते. "खरे आहे," एवढेच मी म्हणू शकलो. चाचांनी पिशवी पुन्हा काखेत घेतली, माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि ते गेले.

पत्नीच्या मडक्यातला प्रत्येक चिंचोका खोटा ठरला होता आणि त्रिपुरी पंधरवड्यावर आली होती. मी शास्त्रात वाट शोधू लागलो. पुरश्चरणात जपाच्या दशांशाने हवन करतात, हे मला आठवले आणि मी ते उत्साहाने सांगितले. सांगता सांगता लक्षात आले की तो दशांश जपातून वजा होत नाही, जप पूर्ण करून वर करावा लागतो. शास्त्र माझ्या बाजूने नव्हते.

"म्हणजे देवाच्या दहा पुऱ्या, आणि चाचांची वेगळी," पत्नी म्हणाली.

"हो."

"मग तिला अकरा मोजायला शिकवा."

त्याच संध्याकाळी अभ्यासक्रम दहावरून अकरावर गेला. पत्नी वळायला बसली. सुनेने शिलाई बाजूला ठेवली आणि तीही बसली. तिच्या पहिल्या काही वाती इतक्या घट्ट झाल्या की त्यांवर ब्लाउज टाचता आले असते, हे पत्नीने तिला सांगितले. मडक्यातल्या प्रत्येक चिंचोक्यामागे एक वात डब्यात भरायची होती आणि ते काम नातीचेच होते. छापील कागद मात्र सुनेने टाकला नाही, घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

"जूनपर्यंत घरीच राहू द्या तिला," ती म्हणाली. "मोजता येतं, ते दिसलं. पण यापुढे तिला काही नवीन शिकवायचं असलं, तर आधी मला सांगायचं, बाबा."

ही अट मी मान्य केली. आजवर कोणत्याही मुख्याध्यापकाने माझ्यावर एवढा विश्वास किंवा एवढा अविश्वास दाखवला नव्हता.

त्रिपुरीला महादेवापुढे लक्ष वाती जळाल्या, मोजून जळाल्या. चाचांच्या मुलीला त्या महिन्यात बाळ झाले होते. त्याची गादी आमच्या वातींची होती, हे त्यांनी पत्नीला मुद्दाम दाखवले. तिने ती चाचपून पाहिली आणि चांगली मऊ झाली म्हणाली.

नवस फिटला तरी निरांजनाला वाती लागतातच, त्यामुळे शाळा सुरू राहिली. एक दिवस नात अकरापर्यंत आली, थांबली आणि पुढची वात चिमटीत धरून तिने विचारले, "आबा, बारावी कोणाची?"

मी ती वात तिच्या हातून घेऊन बाजूला ठेवली. सून ब्लाउज पोचवायला गेली होती, ती घरी यायची होती.