एक्केचाळीस टक्के

काटेवाल्यांच्या हातून उभ्या आयुष्यात एकच वस्तू कायमची बिघडली, ती म्हणजे मुलीचा व्हिडिओ गेमचा कन्सोल. तो त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता. त्यानंतर तो पुन्हा कधी सुरू झाला नाही. याला बावीस वर्षं झाली तरी घरात 'दुरुस्ती' हा शब्द उच्चारला की त्यांची बायको माळ्याकडे बघत असे, कारण कन्सोलचा मुडदा तिथेच ठेवलेला होता.

बाकी धंद्यात त्यांचं नाव होतं. वजनकाटे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेलेली. सोनाराचा काचेतला काटा असो की भंगारवाल्याचा, काटेवाले एका वेळी एकच स्क्रू फिरवत, एका लांबट वहीत लिहून ठेवत आणि मगच दुसऱ्याला हात लावत. वहीत चार रकाने होते: तारीख, तक्रार, काय केलं, काय फरक पडला. बायकोच्या तक्रारींना मात्र या वहीत जागा नव्हती. त्या ते एका कानाने ऐकत आणि दुसऱ्याने सोडून देत.

मग बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ शाबूत राहिली. काटेवाल्यांना आधी हायसं वाटलं आणि आठवड्याभराने त्याचा अर्थ कळला. हाताचे व्यायाम शिकवायला एक बाई घरी येत. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "पहिले सहा महिने हातचे जाऊ देऊ नका. या काळात बोटं वापरली नाहीत तर हात असाच राहील." आणि त्यांनी एक मऊ रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभरदा दाबायला.

"मी काय पाळण्यातलं बाळ आहे?" बायको म्हणाली. चेंडू तिसऱ्या दिवशी खिडकीतून गेला. दुसरा आणला, तो पाचव्या दिवशी. दोन महिने असेच गेले. ती डाव्या हाताने जेवायला शिकली, डाव्या हाताने वेणी घालायला शिकली, आणि उजवा हात परक्याचा असल्यासारखा मांडीवर ठेवून बसू लागली. काटेवाल्यांना रात्रंदिवस त्या सहा महिन्यांचा घोर लागला होता. ते बोलून दाखवायचं सोडून ते काटे पुसत बसत.

युक्ती मुलीने फोनवर सुचवली. "बाबा, आईचं ते बदक आठवतंय का?"

आठवत कसं नाही. गोल पोटाचं एक बदक हातगाडीवर दुधाच्या बाटल्या घालून चढउताराच्या गल्ल्यांतून सुसाट निघतं. बाटल्या न फोडता घरोघर पोचवायच्या, असा तो गेम. कंट्रोलर दोन्ही हातांत धरून गाडी डाव्या अंगठ्याने वळवायची आणि ब्रेक उजव्या अंगठ्याने दाबायचा. मुलगी शाळेत गेली की आई दुपारभर तेच खेळायची आणि विचारलं तर साफ नाकबूल करायची. शेवटी विक्रमांच्या यादीत पहिल्या पाचही जागी 'आई' असं इंग्रजी अक्षरांत निघालं तेव्हा चोरी पकडली गेली.

कन्सोल तर काटेवाल्यांच्या कृपेने वारला होता, पण डिस्क शिल्लक होती. मुलीने समजावलं की एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम घातला की कॉम्प्युटर कन्सोलचं सोंग आणतो. काटेवाल्यांचा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा. काटा बरोबर असल्याचे दाखले छापणं एवढंच काम त्याने जन्मभर केलेलं, आणि तेही कुरकुरत. तरी त्यांनी वही उघडली, 'तक्रार' या रकान्यात 'बदक दिसत नाही' असं लिहिलं आणि ते कामाला लागले.

पहिल्या दिवशी एम्युलेटर म्हणाला, बायोस फाईल सापडत नाही. ती म्हणजे कन्सोलचा मूळ प्रोग्रॅम; तो मेलेल्या यंत्राच्या पोटातून काढायला मुलगी स्वतः येऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुमचं ग्राफिक्स मला लागतं तेवढं नाही. काटेवाल्यांनी जुनी आवृत्ती घातली, तेव्हा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. तीन दिवस घरात न दिसणाऱ्या बदकाची गाडी खडखडत होती. पडद्यावर चित्र उमटवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम बदलल्यावर बदक दिसलं, पण त्याला डोकं नव्हतं.

"हे तुम्ही दुरुस्त केलंत वाटतं," बायको म्हणाली. दोन महिन्यांत ती प्रथमच हसली होती, म्हणून काटेवाल्यांनी ते निमूट गिळलं.

इंटरनेटवर अशा अडचणी सोडवणाऱ्या सज्जनांचा एक अड्डा आहे. काटेवाल्यांनी तिथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत पूर्ण हकिकत लिहिली, स्क्रूगणिक. पहिल्या सज्जनाने उत्तर दिलं: नवा कॉम्प्युटर घ्या. दुसऱ्याने लिहिलं: हा संग्रहालयाला द्या. तिसऱ्याने विचारलं की हाच गेम कशाला, याहून चांगले गेम आहेत, आणि त्यांची यादी जोडली. चौथ्याने एवढंच सांगितलं की चित्रं काढायचं काम ग्राफिक्सकडून काढून घ्या आणि प्रोसेसरला सांगा. डोकं परत येईल, वेग जाईल. काटेवाल्यांना या चौथ्याला जेवायला बोलवावंसं वाटलं, पण त्याने आपलं नाव सात आकडे आणि एक उद्गारचिन्ह असं सांगितलं होतं.

डोकं परत आलं. वेग खरोखर गेला. एम्युलेटर कोपऱ्यात टक्के दाखवत असे; शंभर म्हणजे मूळ कन्सोलइतका वेग. इथे अडतीस होते. बदक उतारावरून सरकारी फाईल यावी तसं येत होतं, आणि त्याचं संगीत कोणीतरी कण्हत असल्यासारखं.

"थोडे दिवस चालवून घे," काटेवाले अपराधी तोंडाने म्हणाले. तिचा डावा अंगठा कंट्रोलरवर जागेवर होताच; उजवा त्यांनी उचलून ब्रेकच्या बटणावर ठेवून दिला. "मी वेग वाढवतो."

बायकोने कंट्रोलर खिडकीतून फेकला नाही.

त्यानंतर काटेवाले वेगाच्या मागे हात धुऊन लागले. चित्राचा आकार कमी केला, एकोणचाळीस. पंख्यावरची धूळ काट्याच्या ब्रशने झाडली, चाळीस. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, एक्केचाळीस. तिथे गाडी अडली ती अडलीच. रोज सकाळी ते एक स्क्रू फिरवत, बायको तासभर खेळे, ते बाजूला बसून टक्के आणि पोचलेल्या बाटल्या वहीत लिहीत, आणि शेवटच्या रकान्यात लिहीत, 'फरक नाही'. केसाच्या वजनाने हललेला काटा ज्यांना दिसतो म्हणून लोक लांबून येत, त्यांना दोन हातांच्या अंतरावर हलणारा बायकोचा अंगठा दिसत नव्हता.

वीस दिवसांनी जावई आले. जावई कॉम्प्युटरमधलेच, त्यामुळे त्यांना बघताक्षणी सगळं कळतं. त्यांनी एक्केचाळीसचा आकडा पाहिला आणि कुणी गेल्यासारखा चेहरा केला. दुसऱ्या दिवशी ते नवा कॉम्प्युटर घेऊन हजर झाले, ग्राफिक्ससकट.

"आता बघा, आई."

अर्ध्या तासात बदक शंभर टक्क्यांनी धावू लागलं. चित्र लख्ख, संगीत ठणठणीत. काटेवाले कौतुकाने बघत होते. बदक उतारावर निघालं, पहिलं वळण आलं, आणि गाडी बाटल्यांसकट कालव्यात गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदाही पहिल्याच वळणावर गेली.

"जमेल, सवय झाली की," जावई म्हणाले.

बायकोने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून चादरीखाली सारला. "नाही जमायचं आता या हाताला," ती म्हणाली. "बरं झालं कळलं ते." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि काटेवाल्यांचं काळीज त्यानेच चरकलं.

चार दिवस ती त्या खुर्चीकडे फिरकली नाही. व्यायामाच्या बाईंना तिने बरं नाही सांगून परत पाठवलं. पाचव्या दिवशी काटेवाल्यांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, वही काढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. टक्के: एक्केचाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस. बाटल्या: एक, एक, दोन, चार, तीन, सहा, नऊ, अकरा. पुढच्या रकान्यात ओळीने त्यांच्याच वळणदार अक्षरात: फरक नाही, फरक नाही, फरक नाही.

चाळीस वर्षांत त्यांना एवढी लाज वाटली नव्हती. काटा रोज हलत होता आणि ते पारड्यावरची धूळ झाडत बसले होते. गाडी हळू होती म्हणून तर अंगठा ब्रेकपर्यंत पोचत होता. ज्याला ते बिघाड म्हणत होते, तेवढी एकच गोष्ट त्या खोलीत बरोबर चालली होती.

त्यांनी नवा कॉम्प्युटर खोक्यात भरला आणि जुना जागेवर आणला.

"तो बिघडला," ते बायकोला म्हणाले.

"चार दिवसांत?" बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "हात लावलात का तुम्ही?"

"लावला जरासा."

हे मात्र तिला सहज पटलं. दुपारी ती खुर्चीत येऊन बसली. पहिल्या दिवशी बाटल्या आठ पोचल्या. काटेवाल्यांनी त्या लिहिल्या. वेगाचा एकही स्क्रू त्यांनी यानंतर फिरवला नाही, नुसते शेजारी बसून राहिले, आणि तिचं चित्त विचलित होईल म्हणून बोललेही नाहीत. बायकोला या शांततेचा अर्थ लागेना. तिला वाटलं, यांची तब्येत बरी नाही.

पाचवा महिना संपत आला होता. बदक नेहमीसारखं कण्हत उतारावरून येत होतं. वळणाच्या बरंच आधी बायकोने ब्रेक दाबून ठेवला होता आणि गाडी वळणापर्यंत पोचायची वाट बघत ती जांभई देत होती.

"अहो," ती वैतागून म्हणाली, "किती हळू चाललंय हे. माणसाने खेळायचं तरी कसं?"

काटेवाल्यांनी वही उघडली. तारीख नीट घातली. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'हळू चालतं', आणि लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर प्रथमच तक्रारदार म्हणून बायकोचं नाव घातलं. अक्षरं जरा फुटली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लिहीत काय बसलात?" ती म्हणाली. "तो नवा काढा खोक्यातून. बिघडलाय म्हणे. माझ्याशी खोटं बोलता?"

त्यांनी नवा काढला, जोडला, आणि एम्युलेटरच्या वेगाच्या रकान्यात शंभराच्या जागी पंचेचाळीस टक्के घातले. एका वेळी एकच स्क्रू. तोवर बायकोने कंट्रोलर उचलून घेतला होता. उजव्या हाताने.