के ड्राइव्हची तिसरी घंटा

अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या ऑफिसात हिवाळ्यातली सकाळ फार हळू उजाडायची. बाहेर बर्फ, आत निळसर उजेड, आणि त्या उजेडात एकेक कॉम्प्युटर डोळे चोळत जागा व्हायचा. मी तिथे हेल्पडेस्कवर होते. कुणाचं यंत्र रुसलं की जाऊन समजूत काढायची, एवढंच काम. मला ते मनापासून आवडायचं.

अकाउंट्समध्ये एक अमेरिकन बाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, रोज मोत्यांची माळ घालून येणाऱ्या. त्यांच्या साऱ्या फायली सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर असायच्या आणि पडद्यावर त्या जागेचं नाव होतं के ड्राइव्ह. नवा, वेगवान कॉम्प्युटर मिळाल्यापासून रोज सकाळी त्यांचा फोन यायचा की के गेला. मी पोचेपर्यंत के परत आलेला असायचा, अगदी शहाण्या मुलासारखा. माझ्या शेजारी बसणारा मुंबईकर म्हणायचा, "यार, काकू कारने येतात, मेंदू मागून बसने येतो." काकू हे नाव त्यानेच ठेवलेलं.

एकदा बाईंनी मला खुर्चीवर बसवून आवाज खाली केला. त्यांच्या आईचं विसरणं याच वयात सुरू झालं होतं. आधी चाव्या विसरल्या, मग रस्ते, मग मुलगी. म्हणून त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली होती.

"हनी," त्या म्हणाल्या, "के खरंच जातो, की मला तसं वाटतं?"

दुसऱ्या सकाळी मी आधीच त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांना म्हटलं, पासवर्ड टाका आणि कशालाही हात लावू नका. क्षणात पडदा उजळला आणि कोपऱ्यात सूचनेचा फुगा आला: ड्राइव्ह जोडता आले नाहीत. केवर लाल फुली. मी कॉफीचा घोट घेतला, आणि मग कुठे नेटवर्क जोडल्याची खूण उमटली. आधी तक्रार, नंतर नेटवर्क!

नागपूरला कॉलेजच्या एकांकिकांत घंटा द्यायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा आमचा नायक तिसऱ्या घंटेची वाट न पाहता दुसरीलाच रंगमंचावर धावला आणि सेट ठोकणाऱ्या सुताराला "आई, मी आलो" म्हणाला. आई अजून मेकअपला बसली होती. हा कॉम्प्युटर तसाच उतावळा. नेटवर्क तयार नसताना रंगमंचावर हजर, मग के सापडणार कसा? पुढे बाईंनी मला फोन करून, घाबरून क्लिक करेपर्यंत नेटवर्क आलेलं असायचं, आणि के निमूट उघडायचा. क्लिक केल्यावर फुली जायची, म्हणून मला ती कधी दिसलीच नव्हती.

नेटवर्कची वाट पाहायला लावणारं एक सेटिंग असतं. ते चालू केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. या वेळी तो पासवर्ड मागण्याआधीच थांबला. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता, आत काहीच घडत नव्हतं. जणू सारं नाट्यगृह श्वास रोखून बसलं होतं. बाईंनी माझं मनगट धरलं. मग पडद्याने पासवर्ड मागितला, त्यांनी तो टाकला आणि के आला, फुलीशिवाय.

"तो खरंच जात होता," मी म्हणाले.

त्यांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला, अपॉइंटमेंट कॅन्सल केली आणि नर्सला ठणकावून सांगितलं की आजार कॉम्प्युटरला होता, तो बरा झाला.

दुपारी त्या आभार मानायला माझ्या टेबलाशी आल्या, मुंबईकराकडे राणीसारखं पाहून गेल्या. मागे त्यांचा चष्मा तिथेच राहिला. मी तो गुपचूप स्वेटरच्या खिशात टाकला आणि मुंबईकर वळायच्या आत नेऊन दिला.