कान्हाच्या गेटावर मंदाकाकू अडल्या

विजय नगरातल्या आम्हा पाच मैत्रिणींचं कान्हाच्या जंगलात तंबूत राहायला जायचं ठरलं. सफारीच्या जिप्सीत सहा जणी बसतात म्हणून शेजारच्या मंदाकाकूंना विचारलं. लग्न होऊन जबलपुरात आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, पण जंगल कधी पाहिलं नाही. "तुमचे काका दरसाल पुढच्या वर्षी म्हणून राहिले. आता काहून थांबू?" म्हणाल्या आणि बॅग भरायलाच लागल्या!

तुम्ही जाणार असाल तर आधी सफारी बुक करा, मग तंबू. हिवाळ्यात जागा मिळत नाही. बुधवारी दुपारची सफारी बंद असते. आम्ही मंडल्यात पोहे-जिलेबी हाणली आणि दुपारी खटिया गेटाजवळ पोचलो. रस्ता चांगला आहे, वळणांसाठी उलटीची गोळी ठेवा. थंडी तर विचारू नका, दोन स्वेटरांवर शाल घेऊनही दात वाजत होते.

पहाटे गेटावर घोळ झाला. बुकिंगमध्ये मंदाकिनी, काकूंच्या आधारवर कुसुम! लग्नात काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. कागद मात्र शाळेच्या दाखल्यावरून बनले. बुकिंगच्या वेळी मी आधारचा नंबर मागितला, नाव विचारायचं सुचलंच नाही.

"नाम अलग है दीदी, इनको नहीं जाने दे सकते," गेटावरचा माणूस म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच काकू जिप्सीतून उतरल्या. चार माणसांत कधी आवाज न चढवणारी ही बाई!

"भैया, नाम ससुराल ने बदला, नंबर तो नहीं बदला. मिलाकर देखो. कुसुम मैं ही हूँ."

त्याने नंबर जुळवला, फोटो पाहिला, आत साहेबांना विचारून आला. "जाइए, कुसुम जी."

आम्ही असा कल्ला केला की गाइड ओरडला, "मैडम, बाघ भाग जाएगा!"

पळाला नाही हो! सालाच्या झाडांतून आला आणि आमच्यासमोरून आरामात रस्ता ओलांडून गेला. काकू माझा हात धरून रडत होत्या, हसतही होत्या. मला तर वाघापेक्षा त्यांनाच पाहावंसं वाटत होतं.

फोटो सगळे हललेले आलेत, त्याचं मला काडीचं दुःख नाही. घरी पोचलो तर काका फाटकातच उभे.

"मंदा, दिसला काय वाघ?"

"कुसुमला दिसला," काकू म्हणाल्या आणि बॅग त्यांच्या हातात देऊन आत गेल्या.