तेवढी ओळ सोडून

"सगळं फळ्यावर लिहिलंय. डोळे दिलेत ना देवानं?"

शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतला क्लार्क माझ्या बापाला असं म्हणाला. मान वर न करता. बापानं हातातली टोपी डोक्यावर ठेवली आणि फळा शोधायला गेला.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. चौथी पास. आमचा पाडा चिकूच्या वाड्यांच्या मागे आणि पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच. बाप एका शेठच्या वाडीत चिकू काढायला जायचा. त्या दिवशी खाडा करून तो मला पाचवीत घालायला बोर्डीकडच्या या मोठ्या शाळेत घेऊन आला होता. सदरा धुतलेला, पायात काही नाही.

व्हरांड्यात दोन फळे होते. एक नळाजवळ, काळा, खडूनं लिहिलेला. दुसरा दाराशेजारी, लाकडी, चकचकीत, वर पांढऱ्या रंगानं कायमची रंगवलेली नावं. बाप दाराशेजारच्या फळ्यापुढे जाऊन उभा राहिला. तो देणगीदारांचा फळा होता. त्यावरचं पहिलं नाव त्याच्याच शेठच्या वडिलांचं.

बापानं टोपी परत काढली. दोन्ही हातांत धरली. वरपासून खालपर्यंत हळूहळू बघत राहिला, वाचणारी माणसं बघतात तसा. क्लार्क खिडकीतून वाकला. "बघा, शेठच्या बापाला नमस्कार घालतोय," म्हणाला. रांगेतल्या बायका हसल्या. वाडीवाल्यांच्या घरच्या, कोऱ्या दप्तरांची पोरं घेऊन आलेल्या. मग पोरंही हसली. बापाला कळलं नाही की हसणं त्याच्यावर आहे.

मला वाचता येत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करणार नाही.

'देणगीदार' हा शब्द मी लांबूनच वाचला होता. मला फक्त जाऊन बापाचा हात धरायचा होता. बा, हा नाही, तो. इतकंच म्हणायचं होतं. मी काय केलं? नळाजवळ गेले. पाणी प्यायले. तहान नव्हती. आणि तिथं उभी राहून खरा फळा वाचून काढला. जन्माचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला. दोन फोटो. शेवटची तारीख, आजचीच. पाड्यावरच्या गुरुजींचं घर सायकलवर अर्ध्या तासावर होतं, कागद त्यांच्याकडेच. दुपारच्या आत सगळे कागद आले असते. मी तोंडातून ब्र काढला नाही. त्या हसणाऱ्या बायकांना मी त्याची मुलगी आहे हे कळू नये म्हणून.

बाप खिडकीशी परत आला. क्लार्कनं विचारलं, वाचलं का. बाप म्हणाला, हो साहेब. मग कागद कुठायत? बापानं खिशातून माझा चौथीचा निकाल काढला. घामानं ओला झालेला. बाकीचे उद्या आणतो म्हणाला. क्लार्क म्हणाला, उद्या काही नाही, आता पुढच्या वर्षी.

वाटेत बाप म्हणाला, "लय लिहेल व्हतं गं, पोरी. येवढं ध्यानात कसं ऱ्हावं."

मी नुसतं हं म्हटलं.

वर्ष गेलं. ते वर्ष मी शेठच्या वाडीत खाली पडलेले चिकू गोळा केले. वाडीवाल्यांची पोरं शाळेच्या गाडीतून जायची तेव्हा मी झाडाआड उभी राहायची. पुढच्या जूनमध्ये गुरुजींनी सगळे कागद एका पिशवीत घालून दिले आणि बाप मला पुन्हा घेऊन आला. या खेपेला त्यानं कुठल्याच फळ्याकडे पाहिलं नाही. पिशवीच खिडकीतून आत सरकवली.

मी शिकले. बारावी, टायपिंग, मग राखीव जागेवर नोकरी. त्याच शाळेत. त्याच खिडकीत. माझं अक्षर चांगलं, म्हणून फळा लिहायचं काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आलं. कार्यक्रम असला की संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना खिडकीशी आणायचे. हे अध्यक्ष म्हणजे बापाच्या शेठचे चिरंजीव. म्हणायचे, ही बघा, आमच्या पाड्यावरची मुलगी. मी उठून नमस्कार करायची. हसायची पण.

नोकरी लागली त्या आठवड्यात बाप मला बघायला आला. मी कामात होते. तो दाराशेजारच्या फळ्यापाशी थांबला आणि शिपायाला कौतुकानं सांगू लागला, "ह्योच त्यो फळा. माझे पोरीचं हितंच लिहेल व्हतं." शिपाई माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसला. मी रजिस्टरमध्ये मान घातली. त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन वर्षांनी बाप गेला. तो फळा चुकीचा होता आणि त्याच्या पोरीला ते माहीत होतं, हे त्याला कधीच कळलं नाही.

एवढ्यावर माझं पाप संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

शाळा सुरू होण्याआधी दरवर्षी वरून, शिक्षण खात्याकडून, परिपत्रक येतं. पालकांना काय कळवायचं, प्रवेशाला कोणते कागद घ्यायचे, पुस्तकं कधी, गणवेश कधी, सगळं त्यात असतं. मुख्याध्यापक सर लाल पेनानं खुणा करून ते माझ्याकडे देतात. मी फळ्यावर उतरवते आणि फळ्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. ग्रुपवर वाडीवाले असतात, बाजारपेठेतले असतात. पाड्यावरच्यांकडे असलाच तर बटणाचा फोन.

पहिल्या वर्षी परिपत्रकातल्या एका ओळीवर सरांनी लाल रेघ मारली होती. मी विचारलं. ते म्हणाले, "तेवढी ओळ सोडून लिहा, मॅडम."

ती ओळ अशी होती की, जन्माचा दाखला नसला, शाळा सोडल्याचा दाखला नसला, मुदत उलटून गेली, तरी त्या कारणानं मुलाला परत पाठवायचं नाही. आधी वर्गात बसवायचं, कागद मागाहून घ्यायचे.

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मला शांतपणे समजावलं. ही ओळ शाळेसाठी आहे, पालकांसाठी नाही. ती फळ्यावर लिहिली तर वेळेत कागद आणणार कोण? पाड्यावरची पोरं आईबापांसोबत वीटभट्टीवर जातात, मधेच गायब होतात, हजेरीचा पट बिघडतो. मला पटलं. खरं सांगू? मला कारण हवं होतं आणि त्यांनी ते दिलं. पुढच्या वर्षी लाल रेघ मारायचीही गरज पडली नाही. मी आपली आपणच ती ओळ सोडू लागले. अकरा वर्षं सोडली. एक वर्ष हातातून जाणं म्हणजे काय हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं, आणि सोडत मीच होते.

मागच्या जूनची गोष्ट. शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. खिडकीशी एक बाई आली. बारकी तिचं नाव. झरीकडची. नवरा-बायको वीटभट्टीवरून उशिरा परतली होती आणि आता इथल्या एका वाडीत कामाला लागली होती. सोबत मुलगी, रोशनी. चौथी झालेली. दोन वेण्या, तेल लावून घट्ट बांधलेल्या.

बारकीनं माझं आडनाव कुणाकडून तरी ऐकलं असणार, आपल्यातलीच आहे म्हणून. खिडकीत वाकून ती आमच्या बोलीत बोलली, "बाय, माझे पोरीला पाचवीत घालायची हाय. काय काय लागंल?"

मागे रांग होती. पाठीमागे सर उभे होते. मी आमच्या बोलीत उत्तर दिलं नाही. पुस्तकी मराठीत दिलं. तोंडातून काय आलं ते जसंच्या तसं लिहिते.

"फळ्यावर सर्व माहिती दिली आहे. कृपया वाचून या."

'कृपया' होतं त्यात. माझ्यात आणि त्या जुन्या क्लार्कमध्ये तेवढाच फरक.

बारकी गेली. आणि दाराशेजारच्या फळ्यापुढे जाऊन उभी राहिली. देणगीदारांच्या. पदर डोक्यावर घेतला आणि वर बघू लागली. रांगेतली एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून हसली. माझ्या हातातलं पेन थांबलं. मी मुलीकडे पाहिलं. ती नळाजवळ होती. खऱ्या फळ्यापुढे. ओठ हलत होते. वाचत होती.

मी वाट बघत होते की आता ती पाणी पिईल.

नाही प्यायली. ती सरळ आईकडे गेली. तिचा हात धरला. "आये, ह्यो नाय. त्यो," म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आईला ओढत नळापाशी आणलं, बोट ठेवून माझा फळा मोठ्यानं वाचायला लागली. जन्माचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला. आधार कार्ड. फोटो. एकही शब्द चुकली नाही. शेवटची ओळ मी दरवर्षी मोठ्या अक्षरात लिहायचे, 'मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही.' रोशनीनं तीही वाचली. मग तारीख दोनदा वाचली. आईला सांगितलं, झालं, संपलं.

बारकीनं पिशवी उचलली. दोघी फाटकाबाहेर गेल्या. खिडकीकडे परत आल्याही नाहीत. कशाला येतील? फळ्यावर लिहिलेलं होतं.

त्या मुलीनं ते सगळं केलं जे मी माझ्या बापासाठी केलं नव्हतं. आणि तिला घरी पाठवलं ते माझ्या अक्षरानं. मी धावत जाऊन त्यांना थांबवू शकत होते. फाटक पन्नास पावलांवर. मी पुढच्या बाईचा फॉर्म घेतला आणि शिक्का मारला.

रविवारी मी झरीला गेले, तलासरीवरून रिक्षानं. त्या दिवशी वाडीला सुट्टी, बारकी घरी होती. मला बघून तिनं खाट टाकली, पाणी दिलं. मुलगी कुठंय विचारलं तर म्हणाली, वापीला. मावशीसोबत. तिथं एका बिल्डिंगीत लहान मूल सांभाळायला ठेवलीय. शाळेत घेत नाहीत, मग घरी बसून काय करायचं.

मी सांगितलं की घेतात. कागद नसले तरी घेतात, उशीर झाला तरी घेतात, तसा नियम आहे. बारकी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पोरीनं चुकीचं वाचलं?"

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या. ती तर पोरीवरच शंका घ्यायला लागली. म्हणाली, मी तिला मारलीही त्या दिवशी, एवढं शिकून तारीख आधी कळली नाही म्हणून.

"नाही," मी म्हटलं. या वेळी आमच्या बोलीत. "तुझे पोरीनं बरोबर वाचलं. लिहेल खोटं व्हतं. मी लिहेल व्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला सांगितलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. बारकी उठून आत गेली. ती बाहेर येईपर्यंत मी थांबले, पण ती आली नाही. शेवटी मी निघाले.

सोमवारी सकाळी फळा पुसून काढला. सगळ्यात वर ती सोडलेली ओळ लिहिली. सर आले, बघितलं, म्हणाले, पुसा. मी नाही म्हटलं. त्यांनी स्वतः पुसली. मी लिहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नळावर पाड्यावरचे चार-पाच पालक उभे होते. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली. पुस्तकी मराठीत नाही, आपल्या बोलीत. सर डस्टर हातात घेऊन बाहेर आले, लोकांकडे बघितलं आणि आत गेले. त्या दिवशी तीन पोरं वर्गात बसली.

मग अध्यक्षांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आम्ही तुला या खुर्चीत बसवलं."

मी म्हटलं, "या खुर्चीत बसून मी अकरा वर्षं तुमच्यासाठी ती ओळ सोडली. आता सोडणार नाही. पुसायची असेल तर तुम्ही या आणि लोकांसमोर पुसा."

पहिली कारणे दाखवा नोटीस तेव्हा मिळाली. उत्तराला मी परिपत्रकाची झेरॉक्स जोडली, तेवढ्या ओळीखाली रेघ मारून. दुसरी नोटीस गेल्या आठवड्यात आली. घरचे म्हणतात माफी मागून मोकळी हो.

रोशनी अजून वापीलाच आहे. मी दोनदा निरोप पाठवला, एकदा जाऊनही आले. ज्या घरी ती काम करते तिथल्या बाईनं दार अर्धंच उघडलं. मी परत जाणार आहे. अकरा वर्षांत आणखी किती रोशनी फाटकातून परत गेल्या ते मला माहीत नाही. कळायला मार्गही नाही. त्या आल्याची नोंद कुठंच नाही. त्यांची माफी मला मिळायची नाही, आणि मी ती मागत फिरणारही नाही.

येत्या जूनमध्ये फळा मीच लिहिणार. ती ओळ सर्वात आधी. 'वाचून या' असं या खिडकीतून पुन्हा कुणाला म्हणणार नाही. उठेन, बाहेर येईन, ज्याला फळा सापडत नाही त्याचा हात धरून त्याला नळापाशी नेईन. त्याआधी तलासरीच्या आठवडे बाजारात उभी राहून तेच परिपत्रक वाचेन. नोकरी गेली तर जाईल. तो नळ रस्त्यावरूनही दिसतो. कुंपणाबाहेर उभी राहीन आणि तिथून मोठ्यानं वाचेन. मला वाचता येतं.