घराला नांगर

चिल्हार फाट्याला महामार्ग सोडून गाडी बोईसरच्या रस्त्याला लागली, तेव्हा माझा पारा चढलेलाच होता. मुरबे गावात मी डिझाइन केलेलं एक घर नुकतंच उभं राहिलं होतं. वास्तुशांतही झाली होती. पण ज्यांच्यासाठी ते बांधलं त्या हिराबाई त्यात झोपायला तयार नव्हत्या. त्यांचा मुलगा प्रमोद मासेमारी करतो. "मॅडम, आये शेजारच्या ओट्यावर झोपते," तो फोनवर म्हणाला होता. "तिला अशी टाकून मी बोटीवर कसा जाऊ? तुमीच येऊन समजवा." घर पडत असेल तर ते माझं काम. धडधाकट उभ्या घरात कोणी पाऊल टाकत नसेल तर ते माझं काम कसं, असं मी पुण्यापासून एकटीच गाडीत पुटपुटत आले.

बोईसरला थांबले. या घराचा सांगाडा जिथे तयार झाला तो कारखाना पाहायचा राहिला होता. आत पातळ पोलादी पत्र्याची भली मोठी गुंडाळी उलगडत होती. हा पत्रा तापवत नाहीत. तो थंडच रुळांच्या जोड्यांमधून पुढे सरकतो, दर जोडीपाशी थोडा थोडा वाकतो आणि शेवटी तीन बाजू बंद, एक उघडी अशी लांब पट्टी होऊन बाहेर पडतो. जाडी जेमतेम नखाएवढी. साधा कागद उभा राहत नाही, घडी घातली की राहतो. इथेही सगळी ताकद घडीतच. हे गणित मी वर्षानुवर्षं मांडत आले, तरी घडी पडताना पाहून हरखले आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"मैडम, हाथ मत लगाइए, काटता है," यंत्रावरचा कामगार म्हणाला, तोवर अंगठा कापला होता. पट्टी बांधता बांधता त्याने विचारलं, "डिजाइन आपका ही है न?"

"हो."

"फिर आपको तो नहीं काटना चाहिए था," तो हसत म्हणाला. मलाही हसू आलं, आणि राग थोडा उतरला.

पुढे कारखान्यांचा वास मागे पडला, वाड्या लागल्या, आणि समुद्र दिसायच्या आधीच बोंबलांच्या वाळवणाचा (बांबूंवर टांगून सुकवायच्या मासळीचा) वास आला. प्रमोदच्या घराकडे जाणारी गल्ली इतकी चिंचोळी की गाडी लांबच ठेवावी लागली. याच गल्लीतून माणसांनी घराचा सांगाडा खांद्यावरून नेला होता. विटांचं घर इथे वाळूत खचतं आणि विटांचा ट्रक आत येत नाही, म्हणून तर हे हलकं घर.

हिराबाई शेजारच्या ओट्यावर मासे निवडत होत्या. आधी त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पत्र्यानं कापलं?"

"हो, मावशी."

"मंग बगा." एवढंच बोलून त्यांनी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण. पोटात अन्न गेल्यावर माझा उरलासुरला रागही गेला.

मग त्या आपणहून बोलल्या. "मागच्या वादलात जुन्या घराच्या सयपाकघरावरचं पत्रं उडाया लागलं. मी एकटी त्याला लोंबकलून होते. ह्यो समुद्रात. घर गेलं तर गेलं, पन ह्याची बोट कुठं असंल, त्याच्यात जीव अडकलेला."

प्रमोद खाली बघत राहिला. मी सरळ कामाचं बोलायला घेतलं. "मावशी, हे घर हलकं आहे. ते खचायची भीती नाही, वाऱ्याने उचललं जायची भीती आहे. त्यासाठीच चारही कोपऱ्यांत जाड बोल्ट खाली काँक्रीटमध्ये खोल गाडलेत. आम्ही त्यांना अँकर म्हणतो."

"आये, अँकर म्हंजे नांगर," प्रमोद म्हणाला. (मला नांगर म्हटलं की शेत आठवतं. इथे नांगर म्हणजे होडी एका जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा.)

हिराबाई थबकल्या. "घराला नांगर हाय?"

"आहे ना."

"मंग दिसत का नाय?"

तो भिंतीच्या आत होता. वरून भिंतीचा पातळ बोर्ड, बोर्डावर नवाकोरा आकाशी रंग. पाहुण्यांनी नावाजलेला.

"बोटीवर नांगर म्होरं असतो, समद्यांच्या नदरंसमोर," त्या म्हणाल्या. "झाकलेल्या नांगराच्या भरवशावर कोन झोपंल?"

मी प्रमोदला करवत आणि पाना आणायला सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण तो गेला. कोपऱ्यातला बोर्ड कापताना बोल्ट आत असेलच ना, अशी शंका मलाच आली. तपासणीचे फोटो मी पाहिले होते, तरीही.

बोल्ट होता. हिराबाईंनी फतकल मारली, पाय भिंतीला लावला आणि पान्याला हिसडा दिला. नट हलला नाही. "धरलाय," त्या म्हणाल्या. "आता दुसरा."

प्रमोदने कपाळाला हात लावला. दुसराही पक्का निघाला. तिसरा मात्र त्यांच्या हिसड्याने किंचित फिरला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्या उठून बाहेर जाणार, असंच वाटलं.

"सैल होतंच," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हनून तर बगायचं असतं. आवला, बाय."

मी सगळा जीव लावून आवळला. त्यांनी पुन्हा ओढून पाहिला. चौथा पक्का होता. मग त्या कुंकू घेऊन आल्या आणि चारही बोल्टांना बोटं लावली. वास्तुशांतीला उंबऱ्याची पूजा झाली होती, या नांगरांची राहून गेली होती.

"भोकांना दारं लावीन, आये," प्रमोद म्हणाला.

"उघडनारी लाव."

परतताना मनात तेच घोळत होतं. भिंत बंद झाली की आपलं काम संपलं असं आम्ही धरून चालतो. तिच्या आत राहणाऱ्याचं काम तर तिथे सुरू होतं. पुण्यात आल्यावर नव्या नकाशात मी प्रत्येक कोपऱ्याला वीतभर दार काढलं. ते रंगवतानाच फोन वाजला. प्रमोदचा आवाज तुटत तुटत येत होता, मागे इंजिन धडधडत होतं.

"मॅडम, ऐकू येतंय का? बोटीवरून बोलतोय."

हिराबाई कुठे झोपतात, हे मला विचारावंच लागलं नाही.